नकाशात भरलेली विहीर

वरल्या तांड्याची कोरडी विहीर मी एका बोटानं काठोकाठ भरली. मार्च संपत आला होता. यवतमाळात, आमच्या संस्थेच्या खोलीत, पंख्याखाली बसलो होतो. डाव्या हातात चहाचा कप होता आणि उजव्या हाताच्या बोटानं मी शून्य दाबलं. त्याऐवजी तो चहा कीबोर्डावर सांडला असता, तर एका तांड्याचं भलं झालं असतं.

आमची संस्था लहान. गावोगावच्या ठरलेल्या विहिरींत पाणी जमिनीपासून किती खाली गेलं, ते वर्षातून चार वेळा मोजायचं, आकडे कॉम्प्युटरात भरायचे आणि त्यावरून सॉफ्टवेअरनं रंगवलेला नकाशा सरकारी कचेऱ्यांकडे पाठवायचा, एवढंच आमचं काम. यातलं भरण्याचं खातं माझ्याकडे. पूर्वी मी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवायचो. टायपिंग गेलं, मशिनी भंगारात गेल्या, नावापुढचा 'मास्तर' तेवढा राहिला. तो भंगारवाल्यानंही घेतला नाही.

तर त्या दिवशी वरल्या तांड्यावरून गंगीबाईचा फोन आला. गंगीबाई फोनवर अशी बोलते की मध्ये फोन नसता तरी चाललं असतं.

"मास्तर, मोजलं गा."

"किती आहे?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हंजे काहीच नाही. इहिरीत काय नाही हे कसं मोजू? पट्टी खाली गेली, टक्क वाजलं, वर ओढली. लिव्ह."

फोन कट. गंगीबाईला 'ठेवते' वगैरे म्हणायची सवय नाही.

मी लिहिलं. काहीच नाही म्हणजे शून्य, हे मला दुसरीत छडी मारून शिकवलेलं आहे, मी ते विसरणं शक्यच नव्हतं. पण आमच्या रकान्यात 'विहिरीत पाणी किती' असं विचारलेलं नसतं. 'जमिनीपासून पाणी किती खाली' असं विचारलेलं असतं. शून्य खाली म्हणजे जमिनीबरोबर. म्हणजे बाईनं काठावर बसावं, वाकावं आणि ओंजळ भरून घ्यावी. मी चहा संपवला आणि पुढच्या गावाला लागलो.

आता ज्या बाईच्या दारात मी हा पूर आणला, तिची ओळख करून देतो.

फुलसावंगीच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. माळाखाली तलाव आहे, तलावाच्या काठानं गाव आहे. गावात ग्रामपंचायत, शाळा, नळ, सगळं आहे. वर माळावर तांडा आहे आणि वारा आहे. तांड्याचं कागदावर वेगळं नाव आहे, पण ते फक्त कागदाला माहीत. लोक त्याला वरला तांडा म्हणतात. गंगीबाई राठोड तिथली. वय विचारलं तर म्हणते, "विहिरीहून मोठी." कारण विहीर खणली तेव्हा ती नवी नवरी होती आणि डोक्यावर मुरमाची टोपली घेऊन वरखाली करत होती. पाच-सहा पुरुष खोल गेल्यावर मुरूम संपला आणि काळा खडक लागला. सुरुंग लावले. खडकानं सुरुंग पचवले. ठेकेदारानं वर येऊन हात झटकले आणि म्हणाला, एवढीच. तेव्हापासून ती विहीर एवढीच आहे. दिवाळीपर्यंत पाणी देते, संक्रांतीला कुरकुरते आणि शिमग्याला हात वर करते.

ही मोजणी तिच्याकडे कशी आली, त्याचा इतिहास छोटा आहे. आधी शाळेतले गुरुजी मोजायचे, त्यांची बदली झाली. मग एक पोरगा मोजायचा, तो पुण्याला गेला आणि तिथं टँकरचं पाणी पिऊन सुखी झाला. मग आमच्या संस्थेच्या माणसानं विचारलं, विहिरीला सगळ्यात जवळचं घर कोणाचं? गंगीबाईचं. संपलं. एखाद्याच्या नशिबात काय काय येतं, ते बहुतेक घराच्या जागेवरच ठरतं.

मोजायची तिची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. वजन बांधलेली पट्टी ती विहिरीत सोडते आणि तोंड दुसरीकडे फिरवते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई रागावली. विचारलं तर म्हणाली, "आयकाचं हाय का पाहाचं हाय? दोन्ही कामं एका वक्ती होत नाहीत." पाण्याला वजन लागलं की डुबुक आवाज येतो, खडकाला लागलं की टक्क. तेवढा वेळ आसपासच्या बायकांनी बोलायचं नाही, पोरांनी रडायचं नाही, आणि नवरा पूनमसिंग यानं खोकायचं नाही. पूनमसिंगला खोकला नेमका तेव्हाच येतो. मग ती पट्टी पुन्हा सोडते आणि त्याच्याकडे असं बघते की उरलेला खोकला तो गिळून टाकतो.

जगात सगळ्यांना ती 'तू' म्हणते. कलेक्टर असो, कोंबडी असो, मी असो. यात अपमान नाही, यात वेळ वाचतो.

यंदा गंगीबाईचं सगळं लक्ष टँकरकडे होतं, आणि त्याला कारण होतं. मुलगा बबलू ऊस कापायच्या मशिनीवर ड्रायव्हर आहे, तो वर्षातले बरेच महिने बाहेर. सून पुष्पा बाळंतपणाला माहेरी, ढाणकीला गेलेली. तिला थंडीच्या सुरुवातीलाच मुलगी झाली. गंगीबाईची पहिली नात. बारसं ढाणकीलाच झालं. गंगीबाई सकाळी गेली, संध्याकाळी परत आली, कारण विहिणीच्या घरी रात्र काढायची नाही हा तिचा नेम. निघताना विहिणीनं गोड बोलून सांगितलं, की लेकराला घेऊन जा, आमची ना नाही, पण तुमच्या माळावर टँकर सुरू झाल्यावर. इथं नळ आहे. तिथं पोरगी तान्हं लेकरू घरी टाकून तलावावर घागरी घेऊन जाईल काय?

मी म्हटलं, "तुम्हाला राग आला असेल."

"राग कायले? खरं हाय ते," गंगीबाई म्हणाली. "लेकराचे लंगोट काय मातीनं धुवू? मीच पुष्पीले म्हटलं, टँकर आला का फोन करतो, मंग ये."

तर नात टँकरवर अडली होती आणि टँकर माझ्या शून्यावर. हे त्या वेळी आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

एप्रिलमध्ये फोन आला.

"मास्तर, टँकरची यादी लागली. आपलं नाव नाही."

"असेल हो. खालीवर झालं असेल. नीट बघायला सांगा."

"पूनमसिंगनं पाह्यलं. तांड्याच्या नायकानं चष्मा लावून पाह्यलं. पंचायतीतल्या पोरानं मोठ्यानं वाचून दाखवलं. नाही तं नाही. काहून नाही ते तू पाह्य. तुह्याच मशिनीतून गेलं ना सारं?"

मी मोठ्या तोऱ्यात नकाशा उघडला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली एक पट्टी असते, ती बोटानं सरकवली की महिने सरकतात. ऑक्टोबरात तालुका हिरवा-निळा, जानेवारीत पिवळा पडू लागतो, मार्चमध्ये कडेकडेनं लाल चढतो, तापाच्या माणसासारखा. ती पट्टी सरकवायला मला फार आवडतं. मी सरकवली. सगळा माळ पिवळा-लाल होत गेला, आणि मार्च आला तसा मधोमध, वरल्या तांड्याच्या जागी, गडद निळा ठिपका उमलला. आजूबाजूला पसरला. त्या उन्हाळ्यात आख्ख्या तालुक्यात एवढं पाणी कुठंच नव्हतं.

मी पट्टी मागे नेली, पुढे आणली. तो निळा तलाव दर वेळी निष्ठेनं उगवला. मग मला टक्क आठवलं, चहा आठवला, आणि पंख्याखाली घाम फुटला.

उर्वशी मॅडमकडे गेलो. या आमच्या सॉफ्टवेअरच्या जाणत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, शिक्षणानं माझ्या वडिलांनाही जड. मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काही हरकत नाही," त्या म्हणाल्या, "शून्य काढून टाकू."

शून्य काढलं. तांड्याचा रकाना रिकामा झाला. नकाशा पुन्हा रंगवला. ठिपका गेला, पण तांडा निळाच. थोडा फिका, इतकंच.

इथं या सॉफ्टवेअरचा स्वभाव सांगायला पाहिजे. यवतमाळच्या स्टँडसमोर पानटपरीवर एक गृहस्थ उभे असतात. त्यांना कुठलाही पत्ता विचारा, माहीत नसला तरी 'माहीत नाही' म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. ते म्हणतात, असे सरळ जा, मग उजवीकडे. सॉफ्टवेअर तसंच आहे. जिथं आकडा नाही, तिथं ते आजूबाजूच्या विहिरींना विचारतं आणि मधली जागा आपल्या मनानं रंगवून टाकतं. वरल्या तांड्याच्या जवळच्या विहिरी कुठल्या? खालच्या गावातल्या, तलावाच्या काठच्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे भरपूर आहे. सॉफ्टवेअर म्हणालं, मग वरही असेल. मधला चढ ते चढून बघत नाही.

"इथं 'कोरडी' असं लिहिता येत नाही का?" मी विचारलं.

"येतं. पण रंगवताना ते कोरड्या विहिरी सोडून देतं. म्हणजे रिकाम्यासारखंच."

"म्हणजे विहिरीत पाणी नाही, हे त्याला सांगायची सोयच नाही?"

मॅडम जरा विचारात पडल्या. "तसं नाही. पाणी किती खोल आहे ते सांगायची सोय आहे. नाहीच, हे सांगायची नाही." मग त्यांनाच काहीतरी सुचलं. "विहिरीची खोली टाकू या. पाणी निदान तळाच्या खाली तरी आहे ना?"

विहिरीची खोली टाकली. आता तांडा पिवळा झाला. मला जरा बरं वाटलं. पण पिवळा म्हणजे 'मध्यम', आणि टँकर लालला. तांड्याची विहीर उथळ, म्हणून तिचा तळही वरच. चार गावं पलीकडे एका पैसेवाल्याची विहीर होती, खोलच खोल, तिच्यात पाणी तळाला गेलेलं, पण होतं. ते गाव लालभडक. यादीत पहिल्या पानावर. त्याचं माझं काही वैर नाही, त्याला तहान लागतेच. पण लाल दिसायला आधी खोल विहीर परवडावी लागते, हे मला तेव्हा कळलं.

मॅडम जेवायला गेल्या, तेव्हा मी स्वतःच्या डोक्यानं एक उपाय केला. तांड्याच्या रकान्यात नव्व्याण्णव टाकलं. म्हटलं, बघू कसा लाल होत नाही. झाला. तांडा असा लाल झाला की कुंकवाचा करंडा सांडला वाटावं. पण रंगांची वाटणी सगळ्यात मोठ्या आकड्यावरून होते, हे मला कोण सांगणार? त्या नव्व्याण्णवापुढे बाकीच्या साऱ्या गावांची खोली किरकोळ ठरली आणि उरलेला तालुका एका झटक्यात निळा झाला.

मॅडम परत आल्या, पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुम्ही एक तांडा वाचवायला तालुका बुडवला."

मी निमूटपणे नव्व्याण्णव पुसलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, की तसंही आता आपण काही केलं तरी ते आपल्याच पडद्यावर. पाठवलेला नकाशा गेला. त्यावर सह्या झाल्या. बदल करायचा तर कचेरीनं पत्र द्यायचं, नाहीतर मे महिन्याच्या मोजणीनंतर नवा नकाशा जाईल.

"नवा नकाशा पोचेपर्यंत पाऊस येईल हो."

"हो," मॅडम म्हणाल्या. "मग सगळंच निळं होईल."

मी एसटीनं फुलसावंगीला गेलो, तिथून ऑटोनं माळापर्यंत. फोनवर हे सांगायची माझी हिंमत नव्हती. समोर तरी कुठं होती म्हणा, पण समोर माणूस फोन कट करू शकत नाही एवढी आशा होती.

गंगीबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. पूनमसिंग भिंतीला टेकून बसला होता. पूनमसिंग हा देवमाणूस आहे. छापलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचा विश्वास. खताच्या पोत्यावरचा मजकूरही तो मान डोलवत वाचतो. मी मोबाईलवर नकाशा दाखवला. हा तुमचा तांडा. निळा म्हणजे पाणी. माझ्याकडून असं असं झालं.

गंगीबाईनं सूप खाली ठेवलं. बघितलं. पूनमसिंगनं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हे सरकारी हाय?" त्यानं विचारलं.

"हो. म्हणजे, सरकारकडे गेलेलं आहे."

तो उठला. चपला घातल्या. विहिरीकडे गेला, काठावर हात टेकून वाकला आणि बराच वेळ आत पाहत राहिला. मग परत आला, चपला काढल्या, जागेवर बसला.

"छेनी," तो आपल्या बोलीत म्हणाला. नाही.

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. जरा शरमल्यासारखा वाटला मला, जणू विहिरीनंच सरकारला तोंडघशी पाडलं होतं.

"ह्या माणसाले सांग," गंगीबाई मला म्हणाली, "का नकाशात पाणी दिसलं म्हणून उद्या पोहाले जाऊ नको."

मग तिनं सूप उचललं, दोन हात पाखडलं, पुन्हा ठेवलं. "पुष्पीले काय सांगू? तिची माय रोज विचारते, इहीणबाई, टँकर आला काय. गोड बोलते गा ती. तिचं गोड बोलणं मले लाल मिरचीवानी लागते."

मी म्हटलं, "आपण कचेरीत जाऊ. मी येतो. मी सांगतो चूक माझी आहे म्हणून."

"तू सांगशील अन् ते आयकतील?"

"आकडा मीच भरला ना. मग माझंच ऐकतील."

किती भोळा होतो मी या वयातही.

तालुक्याच्या गावाला गेलो. गंगीबाई, तांड्याचा नायक बाबूसिंग आणि मी. बाबूसिंगनं पांढराशुभ्र फेटा बांधला होता. तो फेटा फक्त लग्नात आणि कचेरीत निघतो. कचेरीतला अधिकारी वयानं तरुण होता, माणूस म्हणून चांगला होता, हे मी मुद्दाम लिहितो. वाईट असता तर घरी येऊन शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं खुर्च्या दिल्या आणि कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला.

"बाई, तुमचा तांडा तर निळा आहे."

"निळा असो का जांभळा, टँकर कधी येते ते सांग."

"टँकर लाल गावांना जातो. फार तर पिवळ्यांना, पाहणी करून."

"साहेब," मी घसा साफ केला, "हा आकडा मी भरला. चुकला. विहीर कोरडी आहे."

तो उजळला. "मग तुम्हीच बदला ना."

"बदलायला तुमचं पत्र लागतं."

"पत्र द्यायला जागेवर जाऊन पाहणी करावी लागते."

"मग करा."

"पाहणी लाल आणि पिवळ्या गावांची होते, मास्तर. निळ्यात माणूस पाठवला तर वरून विचारतात, काहून पाठवला?"

मी मोबाईलमधला विहिरीचा फोटो दाखवला. त्यानं बोटांनी मोठा केला. आत अंधार होता. अंधारात पाणी आहे की नाही, हे फोटोत कळत नाही. पाणी असलेली विहीरही आतून काळीच दिसते.

"मला पटतं हो तुमचं," तो म्हणाला. खरंच पटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. "पण माझं पटणं मी यात कुठं भरू? यात तसा रकाना नाही."

मला त्याची दया आली. रकान्यांचं दुःख मला कळतं.

गंगीबाई पुढे सरकली. "तू असं कर. आताच आमच्यासंगं चाल. इहीर पाह्य, आमच्या घरी चहा पी अन् वापस ये. कोणाले सांगू नको."

"चहाला पाणी आहे का?" तो हसत म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर गप्प झाला. कान लाल झाले त्याचे. कूलरचा आवाज येत राहिला. त्या कूलरच्या टाकीत पाणी खळखळत होतं, आणि बाबूसिंग एकटक तिकडे पाहत होता.

अधिकाऱ्यानं आमचा अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. याहून जास्त त्याच्या हातात नव्हतं, आणि आमच्या हातात तर ती पोचच होती.

परत येताना ऑटोत ढाणकीहून व्हिडिओ कॉल आला. पुष्पानं लेकरू दाखवलं. रस्ता खडबडीत, नेटवर्क त्याहून. नातीचं तोंड अर्धंच दिसायचं, मग तिथंच गोठून राहायचं. गंगीबाई त्या गोठलेल्या अर्ध्या तोंडाशी त्यांच्या बोलीत बोलत राहिली. मागून विहिणीचा आवाज आला, टँकरचं काय झालं म्हणून. गंगीबाईनं कॉल बंद केला. या वेळी मला ती सवय वाटली नाही.

"दात येऊन राह्यले म्हणे तिले," मोबाईल कमरेला खोचत ती म्हणाली. "मले काही दिसलं नाही."

बाबूसिंग फेटा सोडून मांडीवर घडी घालत होता. तो म्हणाला, "दाताची यादी तरी अलग राहते, नाही तं तिथंही निळं निघते." आम्ही हसलो. गंगीबाईही हसली, पण तोंड बाहेर करून.

पुढचे दिवस मी जे जे सुचेल ते केलं. मॅडमनी स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. मी दर सोमवारी कचेरीत फोन लावायचो. अधिकारी ओळखीचा झाला, माझ्या मुलीच्या लग्नाची चौकशी करू लागला, पण तांडा निळाच राहिला. रोज कॉम्प्युटर उघडला की आधी मी ती पट्टी मार्चवर नेऊन बघायचो. कधीकधी वाटायचं, आज आपोआप सुधारला असेल. मशीन आपल्या चुका आपण सुधारते असं हल्ली पेपरात येतं. हे मशीन त्यातलं नसावं. तांड्यावरच्या बायका पहाटे घागरी घेऊन तलावावर उतरत होत्या आणि चढ चढत होत्या, आणि नकाशात त्या आख्ख्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पाणी होतं.

मे महिन्याची मोजणी जवळ आली. या वेळी फोनवर विसंबायचं नाही असं ठरवून मी आधीच तांड्यावर गेलो. मॅडमनी सांगितलं होतं, की या वेळी विहिरीच्या तळाचा आकडा आणि शेजारी 'कोरडी' अशी टीप, दोन्ही द्या, मी वर बोलून बघते. मोठी गोष्ट नव्हती, पण काहीतरी होतं. तेवढं सांगायला मी माळ चढलो.

घराला कुलूप लागत होतं. शेळ्या नव्हत्या. पूनमसिंग त्या घेऊन खाली तलावाकाठी बहिणीकडे गेला होता, पाऊस येईपर्यंत. अंगणात ऑटो उभा होता आणि गंगीबाई त्यात एक गाठोडं आणि ज्वारीचं पोतं चढवत होती.

"कुठं निघालात?"

"ढाणकीले."

"विहिणीकडे?" माझ्या तोंडून निघून गेलं. "राहायला?"

तिनं कुलूप ओढून पाहिलं. "लेकरू मोठं होऊन राह्यलं, मास्तर. रांगाले लागलं. इथं येईल तवा मले ओळखनार नाही. नेम धरून बसलं तं माणूस सुटते." पोत्याकडे बोट दाखवून म्हणाली, "फुकट खानार नाही. माही ज्वारी मी नेतो."

"पण परवा मोजणी आहे हो," मी म्हणालो. "मॅडम वर बोलणार आहेत. या वेळी आपण नीट लिहू. तुम्ही गेलात तर आकडा येणार नाही, आकडा नाही आला तर रकाना रिकामा, आणि रिकामा राहिला की पुन्हा खालच्या विहिरींना विचारून ते सगळं निळं करून टाकेल."

गंगीबाई ऑटोत बसली. पदर डोक्यावरून नीट घेतला. ड्रायव्हरनं किक मारली. तिनं विहिरीकडे पाहिलं नाही. मी ऑटोच्या दांडीला धरून उभा होतो, आपण काय विचारतो आहोत हे कळत असूनही विचारलं.

"मग विहीर कोण मोजणार, गंगीबाई?"

"ज्याले पाणी दिसलं, त्यानं मोजा."